'हे सिद्ध झाले आहे काय?' : 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथाच्या वाचनाविषयी

गेल्या वर्षावासात हरसूल येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाचे क्रमाने वाचन झाले. १९४८ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठी वाचकांना 'अस्पृश्य मूळचे कोण?' या नावाने परिचित आहे. नागलीची आवणी आटोपलेली होती, पाऊस धरून होता, आणि बैठकीस बौद्ध घरांतील मंडळींबरोबर कोकणा व वारली समाजातील काही विद्यार्थीही येत असत. चौथ्या बैठकीत विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका तरुणाने विचारले, "सर, हे सिद्ध झाले आहे काय?" त्यावर मागे बसलेले एक वयोवृद्ध उपासक चटकन म्हणाले, "बाबासाहेबांनी लिहिले आहे बाळा, म्हणजे सिद्धच आहे." तरुण गप्प बसला, वाचन पुढे चालू झाले.

प्रस्तुत लेखकास त्या दिवशी उत्तर देता आले नाही. उपासकांचे उत्तर चुकीचे होते, हे उघड आहे. परंतु तरुणाचा प्रश्नही, ज्या अर्थाने त्याने तो विचारला त्या अर्थाने, त्या ग्रंथास लागू पडणारा नव्हता. प्रयोगशाळेत त्याला जे शिकविले जाते त्यात 'सिद्ध' या शब्दाचा एक ठरावीक अर्थ आहे. द्रावण त्याने स्वतः तयार करावे, तपमान नोंदवावे, आणि दुसऱ्याने तेच केले असता तेच उत्तर यावे. अस्पृश्यतेचा उगम ही एकदाच घडून गेलेली घटना आहे. ती पुन्हा घडवून पाहता येत नाही, आणि पाहता आली तरी कोणी पाहू नये. मग अशा विषयात ज्ञान कशास म्हणावयाचे? आपल्या समाजातील हुशार मुलांना दहावीनंतर एकजात विज्ञान शाखेकडे पाठविण्याचा प्रघात पडला असताना, आणि कला शाखा म्हणजे उरलेल्यांची शाखा असे पालक उघडपणे म्हणत असताना, या प्रश्नाचा विचार झाला पाहिजे.

याचे उत्तर ग्रंथाबाहेर शोधावयाची गरज नाही. ते ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे, आणि आपल्याकडे हीच प्रस्तावना सर्वांत कमी वाचली जाते. बाबासाहेब तेथे सरळ मान्य करतात की, या विषयावर प्रत्यक्ष साक्ष देणारे ग्रंथ नाहीत, आणि जे आहेत त्यांचा प्रश्नाशी थेट संबंध नाही. म्हणून गतकाळाचे जे अवशेष शिल्लक आहेत ते एकत्र मांडून त्यांच्याकडूनच त्यांची जन्मकथा वदवून घ्यावी लागते. या कामाची तुलना ते भग्न दगडांवरून नगर उभे करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाशी, विखुरलेल्या हाडांवरून व दातांवरून नष्ट झालेल्या प्राण्याची कल्पना करणाऱ्या जीवाश्मशास्त्रज्ञाशी आणि चित्रकाराशीही करतात. या अर्थाने आपला ग्रंथ इतिहासापेक्षाही कलाकृती आहे, असे म्हणण्यास ते कचरत नाहीत. पुढे मॅक्सिम गॉर्कीचा आधार घेऊन ते सांगतात की विज्ञान व साहित्य या दोहोंतही निरीक्षण, तुलना आणि अभ्यास मूलभूत आहेत, आणि वस्तुस्थितीच्या साखळीतील तुटलेल्या कड्या जोडण्यास दोहोंतही कल्पनाशक्ती लागते. टीकाकारांकडे त्यांची मागणी इतकीच आहे की, हा सिद्धान्त कामचलाऊ गृहीतक म्हणून टिकतो की नाही, हे त्यांनी तपासावे.

ज्यांची लंडन विद्यापीठाची एम.एस्सी. व डी.एस्सी. ही पदवी अर्थशास्त्रातील होती, त्यांनी हे लिहिले आहे. शाखांमधील भिंती विद्यापीठे बांधतात आणि तीच कधी कधी पाडतात, हे यावरून दिसते. असो.

म्हणजे ज्या ग्रंथास उपासक 'सिद्ध' म्हणत होते, त्याच्या कर्त्यानेच तो सिद्ध म्हणून मांडलेला नाही. आणि ज्या अर्थाने तरुण 'सिद्ध' म्हणत होता, त्या अर्थाची त्याने अपेक्षाही ठेवलेली नाही. त्याने आपल्या हाती एक काम दिले आहे. ते आपण किती केले?

ग्रंथाच्या आत शिरल्यावर दोन्ही प्रकारच्या ज्ञानाचे व्यवहार स्पष्ट दिसतात. अस्पृश्य हे भिन्न वंशाचे होते, या तेव्हा प्रचलित असलेल्या मताचे खंडन बाबासाहेब मोजमापांनी करतात. वंशवाद्यांनीच नाकाच्या लांबीरुंदीची जी मापे घेतली होती, तीच ते पुढे ठेवतात. त्या मापांप्रमाणे ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. नाकावरून वंश ठरविण्याचे ते शास्त्र आज मोडीत निघाले आहे. तथापि बाबासाहेबांच्या युक्तिवादास त्यामुळे बाध येत नाही, कारण प्रतिपक्षाच्या तराजूत प्रतिपक्षाचाच माल तोलून तो हलका आहे एवढेच त्यांना दाखवावयाचे होते. मोजमाप येथे 'हे नव्हे' असे सांगते. 'मग काय?' हे ते सांगू शकत नाही.

'मग काय?' याकडे वळताना ग्रंथाची रीत बदलते. १९११ च्या जनगणनेच्या वेळी आयुक्तांनी हिंदू म्हणून नोंदल्या जाणाऱ्या जातींची वर्गवारी करण्यासाठी दहा कसोट्या दिल्या होत्या. ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व न मानणारे, ब्राह्मणाकडून मंत्र न घेणारे, ज्यांचे पौरोहित्य चांगले ब्राह्मण करीत नाहीत असे, गोमांस खाणारे, इत्यादी. हे कागद सर्वांसाठी खुले होते. ते वाचून बहुतेकांनी एवढेच पाहिले की ब्राह्मण या लोकांना जवळ करीत नाहीत. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा केला. हे लोक ब्राह्मणांना जवळ करतात काय? मग आबे द्युब्वाने दक्षिणेतील परियांविषयी जे नोंदविले होते, की ब्राह्मण त्यांच्या वस्तीत शिरला तर ते त्याला हुसकून लावतात, त्या नोंदीला एकाएकी अर्थ आला. तिरस्कार एकतर्फी नव्हता. तो दुतर्फी असेल तर त्याचे कारण जन्मजात अपवित्रतेत नव्हे, एखाद्या जुन्या वैरात असले पाहिजे. येथून ते बौद्ध धम्म व ब्राह्मणी धर्म यांच्या संघर्षापर्यंत पोहोचतात.

नवीन पुरावा त्यांनी खणून काढला नाही. पुरावा समोर होता. तो वाचणाऱ्याची जागा त्यांनी बदलली. विज्ञानात निरीक्षक कोण आहे याने फरक पडू नये यासाठी सारी काळजी घेतली जाते, आणि ते योग्यच आहे. मानव्यविद्येत मात्र महाराच्या घरी जन्मलेला वाचक तोच कागद वाचतो तेव्हा इतरांना न दिसलेले वाक्य त्याला दिसते. आपल्या मुलांनी हे क्षेत्र सोडून दिले, तर ती वाक्ये पुन्हा न दिसलेली राहतील.

याचा अर्थ मानव्यविद्येत कोणीही काहीही म्हणावे असा नव्हे. या ग्रंथाच्या कच्च्या जागाही सांगितल्या पाहिजेत, कारण तसे न करणे हा बाबासाहेबांच्या विनंतीचा अवमान आहे. टोळीयुद्धांत वाताहत झालेले लोक, ज्यांना मूळ ग्रंथात 'ब्रोकन मेन' म्हटले आहे, गावकुसाबाहेर वसले, हे दाखविण्यासाठी आयर्लंड व वेल्समधील तत्सम समूहांचे दाखले दिले आहेत. त्या दाखल्यांवरून असे होऊ शकते हे कळते; भारतात तसे झाले हे कळत नाही. दुसरी जागा कालनिर्णयाची. गुप्तकाळात गोहत्या महापातक ठरली हा डॉ. दे. रा. भांडारकरांचा निष्कर्ष आणि चिनी प्रवाशांचे वृत्तांत यांच्या आधारे बाबासाहेब अस्पृश्यतेचा जन्म इ. स. ४०० च्या सुमारास ठेवतात. फाहियानच्या वृत्तांतातील चांडाळांची नोंद ते निर्णायक मानत नाहीत. पुढील काळात विवेकानंद झा यांनी १९७५ च्या आपल्या निबंधात अस्पृश्यतेच्या इतिहासाचे टप्पे पाडून तिची सुरुवात याहून बरीच मागे नेली. आपल्या नियतकालिकांतून या मतभेदाची चर्चा झालेली अभावानेच आढळते.

ही चर्चा करावयाची तर कशाने करावी? येथे पालि येते. मातंग जातकात व चित्तसंभूत जातकात चांडाळ दृष्टीस पडताच श्रेष्ठिकन्या सुगंधी पाण्याने डोळे धुते. नुसत्या दर्शनाने विटाळ होतो, याहून स्पष्ट नोंद कोणती हवी? जातके बुद्धकाळाजवळची असे मानणारा वाचक लगेच म्हणेल की इ. स. ४०० ही तारीख चुकली. परंतु जातकाचे थर आहेत. गाथा जुन्या, त्यांच्याभोवतीचे गद्य ही अट्ठकथा, आणि तिला आजचे रूप सिंहलद्वीपात साधारणतः पाचव्या शतकात आले. डोळे धुण्याचा प्रसंग गद्यात आहे. चित्तसंभूताच्या गाथेत पूर्वजन्मी आपण चांडाळ होतो असा उल्लेख आहे, हीन जन्माची खंतही आहे. मग हा प्रसंग जुनी आठवण समजावी की पाचव्या शतकातील रूढीचे प्रतिबिंब? जैनांच्या उत्तराध्ययनात चित्र-संभूत व हरिकेश यांच्या याच वळणाच्या कथा आहेत, त्या ताडून पाहाव्या लागतील. आणि एवढे झाल्यावरही बाबासाहेबांचा आक्षेप उरतोच की, एकट्या चांडाळाविषयीचा पुरावा गावकुसाबाहेरच्या सर्व समूहांना कसा लावावा? या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर तराजू देणार नाही. ते पालि व अर्धमागधी शिकलेला माणूसच देईल. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही. त्यांनी पालि व्याकरण व कोशाचे काम स्वतः हाती घेतले, आणि ते महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र वाङ्मयाचा सोळावा खंड म्हणून १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना नाकारले गेलेले दार आपण आता आपल्या हातांनी लावून घेत आहोत.

विज्ञानाचे महत्त्व कमी लेखावे असा येथे हेतू नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने संघाला ३००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. पैकी २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या व्याजाने, व १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. सातवीतल्या मुलानेही हिशेब करावा : २००० चे वार्षिक व्याज २४०, आणि २० गुणिले १२ म्हणजे २४०. हिशेब पैशाला पैसा जुळतो, आणि तो जुळल्यामुळे लेखाचे वाचन बरोबर आहे याची खात्री पटते. दुसऱ्या रकमेचे वर्षाचे व्याज ९० येते. ते 'कुसण'साठी आहे. कुसण म्हणजे काय? भोजनखर्च की आणखी काही, यावर विद्वानांत एकमत नाही. गणित २४० पर्यंत आपल्याला बोट धरून नेते आणि त्या एका शब्दापाशी थांबते.

धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर कोसंबी हे गणिती. अनुवंशशास्त्रात त्यांच्या नावाचे सूत्र १९४४ पासून वापरात आहे. तक्षशिलेस सापडलेली आहत नाणी त्यांनी तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, या साध्या तत्त्वावर त्यांनी त्यांचा क्रम लावला, आणि तत्त्व खरे की खोटे हे पाहण्यासाठी आपल्या काळातील चलनी नाणीही तोलून पाहिली. परंतु ही नाणी पाडली कोणी, असे विचारताच त्यांना संस्कृत ग्रंथांकडे वळावे लागले. गणित्याने हे काम कोणावर सोपविले नाही, स्वतः केले. पुढे 'सुभाषितरत्नकोश' या विद्याकर नावाच्या बौद्ध पंडिताच्या संग्रहाची संशोधित आवृत्ती त्यांनी वा. वि. गोखले यांच्यासह १९५७ मध्ये सिद्ध केली.

अलीकडचे एक उदाहरण अधिक नाजूक आहे. २०१६ मध्ये अनालाभ बसू, नीता सरकार-रॉय व पार्थ मजुमदार यांनी भारतीय लोकसमूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, म्हणजे गुप्तकाळाच्या आसपास, अनेक समूहांतील, विशेषतः उच्चवर्णीयांतील, परस्पर विवाह एकाएकी थांबले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. इ. स. ४०० शी ही तारीख इतकी जवळ आहे की आपले वक्ते व्यासपीठावरून 'विज्ञानाने बाबासाहेबांचे म्हणणे सिद्ध केले' असे सांगण्याचा मोह आवरू शकणार नाहीत. तो आवरला पाहिजे. हा अभ्यास विवाहाविषयी आहे, स्पर्शाविषयी नाही. त्याचा संबंध लावावयाचाच तर तो बाबासाहेबांच्या १९१६ च्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधाशी, त्यातील बंदिस्त विवाह हे जातीचे मर्म या प्रतिपादनाशी लावावा. अस्पृश्यतेचा उगम हा वेगळा प्रश्न आहे, आणि अशुद्ध व अस्पृश्य यांत भेद करा असे बाबासाहेब याच ग्रंथात सांगतात. विवाह कधी थांबले हे रक्ताच्या थेंबातून काढता आले; का थांबले हे तेथे लिहिलेले नाही.

'बुद्ध धम्म हा विज्ञान आहे' या घोषणेचेही असेच आहे. तिच्या आधारार्थ कालामसुत्त पुढे केले जाते. ते मुळातून वाचणाऱ्यास दिसेल की तथागत तेथे परंपरा व पिटक यांबरोबर निव्वळ तर्क व निव्वळ अनुमान यांनाही पुरेसे प्रमाण मानीत नाहीत. आणि कालामांना ते तपासावयास सांगतात ते लोभ, द्वेष व मोह; यांनी माणसाचे हित होते की अहित, आणि सुज्ञ त्याची निंदा करतात की प्रशंसा. हे सुत्त निसर्गाच्या ज्ञानाचे नाही, माणसाच्या आचरणाच्या ज्ञानाचे आहे. त्याला विज्ञानाची सनद म्हणून आपण त्याचे मोल वाढवीत नाही. त्यात जे आहे त्याकडे पाठ फिरवितो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याच्या ज्या कसोट्या बाबासाहेबांनी दिल्या आहेत, त्यांत बुद्धिसंगततेच्या जोडीला मानवी कल्याणाची कसोटी का आली, हे कालामसुत्तासमोर ठेवून वाचल्यास उलगडते.

या साऱ्यापेक्षाही मोठा एक भेद हरसूलच्या बैठकीतच कळला. कला शाखेत शिकणारी एक कोकणा विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आमच्या पाड्यावर पण एक अभ्यासक येऊन गेले. आजीला देवाचं नाव विचारलं, लिहून नेलं. पुढं ते छापलंही म्हणे. आजीनं त्यांना खोटंच नाव सांगितलं होतं." का, असे विचारल्यावर म्हणाली, "ते खाटेवर बसले होते आणि आजीला खाली बसवलं."

नाणे खोटे असू शकते, पण ते खोटे बोलत नाही. तोलणारा कोठे बसला आहे याची त्याला पर्वा नसते. माणसाला ती असते. दामोदर कोसंबींनी आदिवासींच्या चालू रूढींत इतिहासाची साधने पाहिली, त्यातून मोठे ज्ञान मिळाले, हे खरेच. पण ज्यांच्या रूढी त्यांना साधन समजले जाणे कसे वाटते, हा प्रश्न त्या पद्धतीत बसत नाही, आणि तो न विचारणाऱ्याच्या हाती खोटे नाव पडते. येथे अभ्यासकाची वागणूक हीच पद्धतीचा भाग होते. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद संवादाची इच्छा प्रकट करतो तेव्हा नागसेन विचारतात, पंडितासारखा बोलणार की राजासारखा? पंडितांच्या वादात चूक दाखविली तर ती मान्य होते, कोणी रागावत नाही. राजा मात्र आपले म्हणणे न मानणाऱ्यास दंड करतो. राजाने पंडितवाद पत्करला, म्हणून तो ग्रंथ झाला. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयास मिलिंदाचे नाव दिले, आणि त्याच नावाने पुढे कला व विज्ञान अशी दोन्ही महाविद्यालये चालली.

पुढच्या बैठकीत त्या तरुणाच्या प्रश्नाकडे परत आलो. प्रस्तावना मोठ्याने वाचली. तो म्हणाला, "म्हणजे हे अजून चालू आहे." वृद्ध उपासक प्रथम नाराज झाले. मग त्यांनी स्वतःच विचारले की डोळे धुण्याची ती गोष्ट कोठे आहे. नंतरच्या पौर्णिमेस मातंग जातक घेतले. गाथा एका रंगाने व गद्य दुसऱ्या रंगाने अधोरेखित करण्याचे काम तरुणाकडे व त्या विद्यार्थिनीकडे दिले. चार ठिकाणी त्या दोघांचे जमले नाही. त्यांपैकी दोन ठिकाणी प्रस्तुत लेखकासही अद्याप निर्णय करता आलेला नाही.